तपासणी होते, पुढे काय? बेळगावात शीघ्र हस्तक्षेपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

अंगणवाड्यांतील बालकांची आरोग्य तपासणी झाली, अमुक मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले, अशा बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. बरे वाटते. पण पाठवलेल्या मुलाचे पुढे कोण काय करते? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, तिकडे हल्याळ-जोयडा किंवा बिदरकडचे भालकी-औराद इथल्या मराठी घरांपुरते बोलायचे तर उत्तर फारसे सुखाचे नाही. मूल शोधणारी यंत्रणा आहे. शोधलेल्या मुलाबरोबर रोज काय करायचे हे त्याच्या आईला दाखवू शकेल असे माणूस मात्र घडवले जात नाही. वाढीत अडचण असलेल्या मुलाला पहिल्या काही वर्षांतच अशी मदत सुरू करणे म्हणजे शीघ्र हस्तक्षेप. त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बेळगावात सुरू व्हावा आणि त्यातले निम्म्याहून अधिक शिक्षण घरांत आणि अंगणवाड्यांत व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कागदावरची व्यवस्था वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात येते. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे असते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. संशय आला की जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र. या केंद्राच्या ठरवून दिलेल्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक अशी पदे आहेत आणि ‘शीघ्र हस्तक्षेपक तथा विशेष शिक्षक’ हे जोडपद आहे. ते एकच. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जवळपास ४८ लाख होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच भारतीय ठिकाणांच्या पाहणीत, ज्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, २ ते ६ वर्षे वयाच्या सुमारे ९ टक्के मुलांत ऐकणे, पाहणे, बोलणे, हालचाल, फिट, बौद्धिक वाढ किंवा ऑटिझम यांपैकी एखादी तरी अडचण आढळली. हिशेब वाचकांनीच करावा.

कायद्याचीही एक फट आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो ६ ते १८ वयासाठी. मेंदू सर्वांत वेगाने वाढतो ती वर्षे त्याआधीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लक्षणे ओळखणे, मुलाला अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढे पाठवणे ही कामे त्यात अंगणवाडी ताईवर आली. त्या ताईच्या शेजारी बसून ‘या मुलाला पाटावर नको, भिंतीच्या कोपऱ्यात बसव’ असे सांगणारे कोण?

फिजिओथेरपी, वाचा-श्रवण, विशेष शिक्षण या पदव्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. अडचण अशी की प्रत्येक पदवी मुलाचा एकेक तुकडा बघायला शिकवते. ३२ व्या आठवड्यात जन्मलेले, आता १४ महिन्यांचे बाळ घ्या. पाय ताठ, भरवताना ठसका, हाकेला वळत नाही. एकाने पाय ताणायचे व्यायाम दिले, दुसऱ्याने ‘बोलण्यासाठी दोन वर्षांनी आणा’ म्हटले, तिसऱ्याने बुद्ध्यांक काढता येत नाही म्हणून परत पाठवले. आईच्या तीन खेपा, तीन फाइली. शीघ्र हस्तक्षेपात एकच व्यक्ती कुटुंबाशी बांधलेली असते आणि बाकीचे तज्ज्ञ तिच्यामार्फत काम करतात. ती व्यक्ती आधी वय दुरुस्त करते: ८ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचे १४ महिने म्हणजे विकासाच्या हिशेबाने १२ महिने, आणि ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची. मग ऐकणे तपासून घेते. मग भरवणे. व्यायाम त्यानंतर.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची सेवा शाळेपासून वेगळी काढली. नाव आल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि कुटुंबाची लेखी योजना, आणि सेवा शक्यतो घरी किंवा इतर मुले असतात तिथे. तिथल्या विद्यापीठांनी त्यासाठी वाचातज्ज्ञ, व्यवसायोपचारक (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आणि विशेष शिक्षक यांना एकाच वर्गात बसवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे केले. आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचा शीघ्र हस्तक्षेपातील एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा हे पहिले नाव. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आपल्याच राज्यात आहे. पण खानापूरची पदवीधर मुलगी सिकंदराबादेत तेलुगू-उर्दू घरांत सराव करून परत आली तर तिला इथल्या घरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या विद्यार्थ्यांना नक्की काय यायला हवे? भरवण्याचेच उदाहरण घेऊ, कारण ज्याला भरवणे शिकवता येते त्याला बाकीचे बरेच येते. सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेल्या) बाळाला आपल्याकडे मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून, बोंडल्याने पेज ओतली जाते. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी राहते, पेज तिकडे उतरते, आणि मग वरचेवर छाती भरते. बदल असा: बाळाला बसते करायचे, कंबर व गुडघे काटकोनात, तळपाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. आईने समोर, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचे. वरून भरवले की बाळ मान वर करतेच. चमचा सपाट, अर्धाच भरलेला. तो जिभेच्या मध्यावर ठेवून हलका दाब द्यायचा आणि ओठ मिटेपर्यंत थांबायचे. वरच्या हिरडीवर खरवडून काढायचा नाही, त्याने जीभ बाहेर ढकलायची सवय बळावते. अन्न एकसारखे घट्ट हवे: गुरगुट्या भात वरणात घोटून किंवा नाचणीची दाट पेज, चमचा तिरका केल्यावर ओघळ न येता गोळा पडेल इतकी. पातळ वरणात तरंगणारी शिते या बाळांना सर्वांत अवघड, कारण पाणी आधी घशात जाते आणि शिते तोंडातच राहतात. एका वेळचे जेवण अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबू नये. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर घशात घरघर किंवा पुन्हा पुन्हा न्यूमोनिया दिसला तर भरवणे थांबवून गिळण्याची तपासणी आधी. हे पुस्तकातून सांगता येते, पण हाताला येते ते तीनचार घरांत, तीनचार वेगवेगळ्या चुली-ओट्यांसमोर बसल्यावरच.

दुसरी गोष्ट वेळेची आहे आणि इथे चूक परवडत नाही. तीन महिन्यांपासून वर्षाच्या आतले बाळ झोपेतून उठताना अचानक वाकते, दोन्ही हात झटकन पसरते, काही सेकंदांनी पुन्हा तेच, अशी माळच लागते. घरचे म्हणतात दचकते, पोटात कळ येते, दृष्ट लागली. हे बाळझटके असू शकतात. ताप नाही, तोंडाला फेस नाही, म्हणून फिट वाटत नाही. पण उपचाराला होणारा उशीर बाळाच्या पुढच्या वाढीवर उतरतो, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी बालमेंदूतज्ज्ञाला दाखवायचा आणि ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, करून घ्यायचा. हे झटके, साधे दचकणे आणि पोटदुखी यांचे व्हिडिओ पाहून फरक न ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात जाऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऐकण्याचे सूत्र जगभर ठरलेले आहे: एका महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. मागे टाळी वाजवून बघणे ही तपासणी नव्हे. टाळीची हवा आणि सावलीही बाळाला वळवते. काचेच्या पेटीत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळाची ओएई ही कानाच्या आतल्या भागाची चाचणी ठीक आली तरी बेरा ही पुढच्या नसेची चाचणी करायलाच हवी, कारण कानाचा आतला भाग शाबूत असून पुढची नस बिघडलेली असू शकते आणि ओएईला ते कळत नाही. श्रवणयंत्र मिळाल्यावरही काम संपत नाही. बाळाचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवते, आणि शिट्टी बंद व्हावी म्हणून घरचे आवाज कमी करतात किंवा यंत्र डबीत ठेवतात. पहिल्या वर्षात साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. रोज सकाळी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज तोंड झाकून ऐकवायचे आणि बाळ कोणत्याला प्रतिसाद देते ते पाहायचे, ही दोन मिनिटांची तपासणी आईला शिकवणे हेही याच विद्यार्थ्याचे काम. मामाशी किंवा आते-मामे भावंडांत लग्ने होतात अशा घरांत तीन पिढ्यांची वंशावळ काढून कानाबद्दल आधीच सावध राहायला हवे. दोष न देता ते विचारणे हेही शिकावे लागते.

बोलण्याकडे येऊ, कारण सीमाभागात सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारी उर्दू, मोबाइलवर हिंदी-इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटले की सल्ला मिळतो: घरात एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा. या सल्ल्याला आधार नाही. डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेल्या मुलांना दोन भाषांमुळे जास्त उशीर होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. तोटा होतो तो वेगळाच: जी भाषा आईला धड येत नाही तीत ती कमी बोलते, गाणी म्हणत नाही, रागावतही नाही. मोजणीतही गफलत होते. मूल घरी ‘पाणी’ म्हणते, अंगणवाडीत ‘नीरु’. फक्त कन्नड शब्द मोजणाऱ्याला ते मागे वाटते, फक्त मराठी मोजणाऱ्यालाही. दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजायचे. ‘चमचा’तला मराठी च कन्नडमध्ये नाही, तो उच्चारदोष म्हणून लिहिलेला अहवाल मुलाला उगाच सहा महिने चुकीच्या कामाला लावतो. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला मराठी किंवा कन्नड यांपैकी एक भाषा सफाईने आणि दुसरी निदान घरगुती बोलण्याइतकी यावी, ही प्रवेशाची अट हवी. हा भाषेच्या वादाचा मुद्दा नाही, मोजमापाचा आहे.

उशीर कधी म्हणायचे याच्या खुणा ठरलेल्या आहेत. १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही. १६ महिन्यांपर्यंत एक शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडणे नाही. आणि आलेले कौशल्य कोणत्याही वयात गेले, तर थांबायचे नाही. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरू लागले तर कौतुक नको, दुसरा हात तपासायचा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या एका वाक्याने या भागात किती महिने वाया जातात! अलीकडे त्यात भर पडली आहे ‘मोबाइल बंद करा, ऑटिझम जाईल’ या सल्ल्याची. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच. पण मोबाइल बंद करून सहा महिने वाट पाहा, असे सांगणे म्हणजे तेवढे महिने हातचे घालवणे.

चाळणी आणि निदान यांतला फरकही नीट शिकवला जात नाही. त्रिवेंद्रमचा विकास तक्ता दोन वर्षांपर्यंतच्या १७ नोंदींचा आणि काही मिनिटांचा. तो फक्त संशय सांगतो. बडोद्यात तयार झालेली डासी ही ३० महिन्यांपर्यंतची मोजणी, ६७ हालचालीच्या आणि १६३ मानसिक नोंदींची, ठरलेल्या साहित्यासह. ती प्रशिक्षणाशिवाय करू नये. ऑटिझमसाठीची २० प्रश्नांची एमचॅट १६ ते ३० महिन्यांसाठी आहे. ३ ते ७ गुण आले तर दुसऱ्या टप्प्यात आईला उदाहरणे विचारून प्रश्न पुन्हा तपासायचे असतात. हा टप्पा गाळला की कित्येक घरे विनाकारण हादरतात. सोळा महिन्यांच्या आत किंवा तीन वर्षांच्या मुलाला ती लावलेलीही दिसते.

आता घरभेटीची पद्धत. विद्यार्थ्याने खेळण्यांची पिशवी नेऊ नये. पिशवीतली खेळणी तिच्याबरोबरच परत जातात आणि आईला वाटते की काम त्या खेळण्यांचे होते. आधी दिवस विचारायचा: उठणे, दूध, अंघोळ, जेवण, झोप, कोणती वेळ सर्वांत जड जाते? त्यातल्या दोनच वेळा निवडायच्या. कागदावर पंधरा व्यायाम लिहून दिले की एकही होत नाही. निपाणीत विडी वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप असते, तिला व्यायामासाठी वेगळा अर्धा तास कुठला? बाळाला तिच्या समोर, तंबाखूच्या भुकटीपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात बसवले तर दोन भिंतींनी खांदे पुढे येतात, हात मध्यभागी येतात, आणि ती काम करता करता बोलत राहते. ताठ पायांच्या बाळाला पाय जुळवून हातांवर उचलण्याऐवजी कडेवर, पाय फाकवून घ्यायचे. तेल लावणे आपल्याकडे होतेच. ते समोरासमोर, बोलत करायचे, ताठ सांधे जोराने ओढायचे नाहीत आणि नाका-कानात तेल घालायचे नाही. वॉकर घरातून बाहेर.

अशी घरभेट चांगली झाली की नाही हे मोजता येते. २० मिनिटांच्या व्हिडिओत बाळ किती वेळ आईच्या हातात होते आणि किती वेळ विद्यार्थ्याच्या? निम्म्याहून जास्त वेळ विद्यार्थ्याच्या हातात असेल तर ती थेरपी झाली असेल, शिकवणे झाले नाही.

अभ्यासक्रमाची आमची मांडणी अशी. दोन वर्षे, एका तुकडीत १२ जणच, चार विद्यार्थ्यांमागे एक अनुभवी मार्गदर्शक. आठवड्याचे तीन दिवस क्षेत्रात. प्रत्येकाकडे किमान बारा महिने तीच चार कुटुंबे: एक अपुऱ्या दिवसांचे बाळ, एक सीपीचे, एक कमी ऐकणारे, एक ऑटिझमची लक्षणे असलेले. सहा आठवड्यांत संपणारी ‘केस’ काही शिकवत नाही. दात येणे, आजारपण, दुसरे बाळंतपण, सासरी-माहेरी जाणे या सगळ्यांतून एक कुटुंब पाहिल्यावरच योजना कुठे मोडते ते कळते. महिनाभर नवजात अतिदक्षता विभागात. दर आठवड्याला मार्गदर्शकासमोर व्हिडिओ. तोंडी परीक्षेत आईशी बोलून दाखवणे, तेही तिच्या भाषेत.

घोटाळे कुठे होतात हेही माहीत आहे. केस फाइली एकमेकांच्या पाहून लिहिल्या जातात. व्हिडिओ सक्तीचा केला की हे आपोआप कमी होते. सराव शहरातल्या दवाखान्यांत उरकला जातो, कारण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडे पावसाळ्यात जायचे म्हणजे दिवस मोडतो आणि प्रवासभत्ता नसतो. भत्ता अर्थसंकल्पातच धरावा लागेल. मान्यतेची गुंतागुंत आहे. विशेष शिक्षक आणि वाचातज्ज्ञ यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, तर फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचारक २०२१ च्या संबद्ध आरोग्य व्यावसायिक कायद्याखाली. सगळ्यांना एका वर्गात घेणारा अभ्यासक्रम काढताना दोन्हीकडची परवानगी आधी पाहिली नाही, तर पदवी हातात आणि नोंदणी नाही, अशी विद्यार्थ्यांची गत होईल. शिवाय केंद्रांतली पदे कंत्राटी असल्याने शिकलेले बेंगळूर-गोव्याची वाट धरतात. शुल्कमाफीच्या बदल्यात दोन वर्षे सीमाभागात काम ही अट त्यावर पूर्ण उपाय नाही, पण काही नसण्यापेक्षा बरी.

राणी चन्नम्मा विद्यापीठ, शहरातली वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालय ही सगळी बेळगावात किंवा जवळपासच आहेत. इमारती बांधाव्या लागणार नाहीत. शिकवणारे मात्र सुरुवातीला मैसूर-सिकंदराबादहून आणावे लागतील.

दोन गटांचा विचार अभ्यासक्रमात आवर्जून हवा. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर येणारी मुले कोणत्याच अंगणवाडीच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी आईजवळ राहील असे एक पानी कार्ड, त्यावर चाचण्यांचे निकाल आणि चालू दोन कृती, मराठी व कन्नड दोन्हींत. आणि निपाणी पट्ट्यातील कुटुंबे. त्यांना कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. ती कोल्हापूर-मिरजेलाच जाणार. तिथले अहवाल इथल्या केंद्राने पुन्हा सगळ्या चाचण्या न करता स्वीकारावेत, यासाठी पत्रव्यवहाराचा ठरलेला नमुना हवा.

अभ्यासक्रमाला वेळ लागेल. तोवर एक काम या वर्षीच होऊ शकते. विकासाच्या खुणा छापलेले माता-बाल संरक्षण कार्ड महाराष्ट्रात मराठीत मिळते. त्यातली विकासाची पाने सीमाभागातील मराठी मातांसाठी कन्नड कार्डाला जोडून छापावीत आणि १२, १६ आणि २४ महिन्यांच्या खुणा आशाताईने घरभेटीत आईकडून वाचून घ्याव्यात.

आपले,
बालविकास व पुनर्वसन क्षेत्रात काम करणारे काही जण,
बेळगाव, खानापूर, निपाणी